नावासकट तक्रार

लोहगडवाडीत गडाच्या पायऱ्या सुरू होतात त्याच्या जरा अलीकडं धोंडाबाईची टपरी आहे. पिठलं-भाकरी, ताक, लिंबू सरबत. शहरातली पोरं येतात, गरम भाकरीचे फोटो काढत बसतात आणि मग ती गार झाली म्हणून कुरकुरतात, तेव्हा धोंडाबाई त्यांना तोंडावर सांगते, "आता फोटूच खा." माकडांशी तर तिची रोजची हाणामारी. एकूण बाई कुणाला भिणारी नव्हे, असाच वाडीत तिचा लौकिक. अशी बाई त्या सकाळी फोन कानाला लावून उभी राहिली, आणि तव्यावरची भाकरी करपून धूर निघाला तरी तिला वास आला नाही.

फोन माधवीताईंचा होता. डॉक्टरांविरुद्धच्या तक्रारी ज्या वैद्यकीय परिषदेकडं जातात, तिथल्या त्या. वर्षानुवर्षं तिथं तक्रार गेली की गेलीच. काय झालं, कुठवर आलं, कुणी विचारायचं नाही आणि कुणी सांगायचं नाही. त्यावर फार ओरड झाली तेव्हा कुठं परिषदेनं तक्रारदारांशी बोलायला माणसं नेमली, आणि मावळ माधवीताईंच्या वाट्याला आला.

"धोंडाबाई, चांगली बातमी आहे," त्या म्हणाल्या. "तुमची तक्रार चौकशीला घेतली. डॉक्टरांना नोटीस गेली. आणि सुनावणीला मुंबईला जायचं नाही, वडगावलाच होईल."

"नोटीस कुनाला गेली?"

"आदिनाथ डॉक्टरांना. तक्रारीची प्रत जोडून."

"माज्या नावासकट?"

"हो. तक्रार कुणाची आणि कसली हे कळल्याशिवाय ते उत्तर कसं देणार? तो त्यांचाही हक्क आहे. पण हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं. कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगितलं नव्हतं. धोंडाबाईच्या डोक्यात तक्रार म्हणजे वेगळंच काहीतरी होतं. गणपतीत तिच्या पोरानं, कैलासनं, मोबाईलवर ती भरली. डॉक्टरला फोन सगळे आईनं केले होते म्हणून तक्रारदार म्हणून नाव आईचं घातलं. तिला वाटलं, आपण देवाला गाऱ्हाणं घालतो तसंच हे. आपण वर सांगायचं, वरचे बघून घेतील, आणि आपण खाली भाकऱ्या थापत राहायचं. देव काही ज्याचं गाऱ्हाणं घातलं त्याच्या दारात जाऊन 'अमकीनं तुझं नाव सांगितलं हो' असं म्हणत नाही. परिषदेनं नेमकं तेच केलं होतं. धोंडाबाई गिऱ्हाईकांना तशीच टाकून मागच्या बाकड्यावर जाऊन बसली.

कारण घरात तिची सून पिंकी आठव्या महिन्यात होती, आणि तिचं नाव घातलं होतं ते ह्याच डॉक्टरच्या दवाखान्यात.

लोणावळ्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत नवरा-बायकोचा मिळून तो दवाखाना. आदिनाथ डॉक्टर हाडांचे, राजेश्वरी मॅडम बाळंतपणाच्या. आसपासच्या वाड्यांतली निम्मी पोरं मॅडमच्या हातावर जन्मलेली. पिंकीचं पहिलं पोर पोटातच गेलं, रक्त थांबेना, तेव्हा मॅडम तिच्या उशाशी बसून राहिल्या होत्या, आणि पुढं कितीतरी दिवस स्वतःहून फोन करून चौकशी करत होत्या. तेव्हापासून पिंकीला दुसऱ्या कुणाचा हात पोटाला लागलेला चालत नाही.

आणि ह्याच दवाखान्यापायी धोंडाबाईच्या नवऱ्याचा, मारुतीचा, पाय गेला. भातलावणीच्या दिवसांत तो बांधावरून घसरला, नडगी मोडली. डॉक्टरांनी प्लास्टर घालून घरी पाठवलं. घरी आल्यापासून पाय जो ठणकायला लागला तो थांबेचना. बोटं सुजली, निळी पडली, मग हलेनाशी झाली. धोंडाबाईनं फोन केला. पुन्हा केला. शेवटी डॉक्टर स्वतः बोलले, "प्लास्टर आहे, दुखणारच. पाय उशीवर ठेवा, गोळी द्या." दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं, बोटं काळी दिसाय लागली. तेव्हा ते हसले. "तुम्ही फार घाबरता, धोंडाबाई." मारुतीला ताप चढल्यावर कैलासनं जीप केली आणि पुणं गाठलं. तिथं प्लास्टर कापलं तेव्हा आतला पाय वाचवण्यापलीकडं गेला होता. गुडघ्याखाली काढला.

आता तोच डॉक्टर, तोच दवाखाना, टेबलावर धोंडाबाईच्या नावाची नोटीस, आणि त्याच टेबलासमोरून पिंकीला आत न्यायचं. दुसरीकडं न्यावं म्हटलं तर पिंकीला कारण काय सांगायचं? तक्रारीचं पिंकीला कुणी सांगितलंच नव्हतं. पोटुशी पोर, कशाला जिवाला घोर, म्हणून.

घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते त्याला त्या घडीला फार शहाणपणाचं वाटतं. धोंडाबाईला तांदूळ सुचला.

मावळात नवं भात गिरणीतून आलं की पहिला तांदूळ देवळात जातो, मग ज्याच्या त्याच्या रिवाजानं गुरुजींना, सुइणीला, व्याह्यांना. धोंडाबाईच्या घरून एक पिशवी इंद्रायणी आदिनाथ डॉक्टरांना जायची. मारुतीच्या आईला त्यांनी मरणाच्या दारातून आणलं त्या वर्षापासूनचा हा नेम. यंदा पिशवीचं नाव घरात कुणी काढलं नव्हतं; काढायचं कारणच नव्हतं. पण धोंडाबाईनं विचार केला: यंदा तांदूळ गेला नाही तर उघड दुष्मनी दिसेल. गेला, तर त्यांना वाटेल, बाईच्या मनात काही नाही, पोरानं केला असेल उद्योग. तिनं कैलासची नजर चुकवून पिशवी भरली, आणि पिंकीच्या तपासणीच्या दिवशी पदराआड धरून जीपमध्ये बसली.

दवाखान्यात काउंटरवरच्या पोरीनं नेहमीसारखी हसून पिशवी घेतली. तेवढ्यात डॉक्टर केबिनमधून बाहेर आले. पिशवीकडं पाहिलं, मग धोंडाबाईकडं.

"यंदाही तांदूळ?"

"व्हय. नवा हाय. इंद्रायणी."

"मारुतराव कसे आहेत?"

"हायेत. बरं हायेत."

ते थोडा वेळ उभे राहिले. रागावलेत, की त्यांना काही माहीतच नाही, की माहीत असून मनात ठेवलंय, चेहऱ्यावरून काही म्हणता काही कळेना. मग "बरं," म्हणाले आणि आत गेले. त्या एका 'बरं'चा अर्थ लावता लावता धोंडाबाई काउंटरशीच उभी राहिली.

इकडं पिंकीचं नाव पुकारलं. धोंडाबाई सवयीनं मागोमाग निघाली तर सिस्टर म्हणाली, "तुम्ही आज बाहेरच थांबा, मावशी." आणि दार लागलं.

का थांबा? एरवी कधी थांबवत नव्हते. धोंडाबाई बाकड्याच्या कडेला टेकली. शेजारी एक म्हातारा खोकत होता, भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र होतं, आणि तिच्या डोळ्यांपुढं नाही नाही ते यायला लागलं. आत सुया असतात. बाटल्या असतात. कुठल्या बाटलीत काय ते आपल्याला काय कळतंय? एका माणसाच्या हातून न बघता पाय जातो, तर बघून काय काय जाईल? तिनं गावदेवाला हात जोडले. आतून पिंकीचा आवाज आला असं वाटलं, आणि ती उठली ती दार ढकलून थेट आत.

पिंकी टेबलावर निजली होती, पोटावर मशीन, आणि खोलीभर बाळाच्या काळजाचे ठोके वाजत होते. नवीन सिस्टर शिकायला आल्या होत्या, त्यांची गर्दी होती, म्हणून बाहेर थांबायला सांगितलं होतं. राजेश्वरी मॅडमनी मान वर करून बघितलं. त्या बघण्यात एक क्षण काहीतरी होतं. हिच्या मनातलं ओळखल्यासारखं.

"काय झालं, धोंडाबाई?"

"काय न्हाई. उगंच."

"बाळ आडवं आहे," मॅडम म्हणाल्या. "अजून फिरेल. पण नाही फिरलं तर पोट उघडावं लागेल. लक्ष ठेवू."

जीपमध्ये परतताना पिंकी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. धोंडाबाई जागी. बाळ खरंच आडवं आहे का? की आपल्याला भिववायला तसं सांगितलं? आणि खरंच असलं, तर पोट उघडायची वेळ आली की सुरी कुणाच्या हातात? दोन्ही बाजूंनी तिला सुटका दिसेना.

दिवाळी होऊन गेल्यावर माधवीताईंचा पुन्हा फोन आला. ह्या खेपेला त्यांचा आवाज जपून जपून येत होता. डॉक्टरांच्या वकिलांनी लेखी उत्तर दिलं होतं. त्यात म्हटलं होतं की तक्रार मुलानं आईच्या नावानं केलेली आहे, आईच्या मनात डॉक्टरांविषयी काही नाही. नोटीस मिळाल्यावरसुद्धा बाईंनी दरवर्षीप्रमाणे स्वतः येऊन तांदूळ दिला.

पिंकी शेजारी गेली होती, पण फोन स्पीकरवर होता आणि कैलास दारात उभा होता.

"आई," तो म्हणाला. "तू त्याला तांदूळ नेलास?"

तिनं फोन पदराआड धरला.

"बाबांचा पाय खाल्ला त्यानं. आन् तू त्याला वर भात वाढलास?"

"राहू दे रं," पडवीतून मारुती म्हणाला. पाय गेल्यापासून त्याचं बोलणं तेवढ्यावर आलं होतं. राहू दे. कैलास पायात चपला न घालताच तरातरा निघून गेला.

धोंडाबाईनं फोन तोंडाजवळ धरला. "ताई, ती तक्रार मागं घ्यायचीय मला."

"घेता येते. तुमचा हक्क आहे. पण एक विचारावं लागतं मला, आता तसा नियमच झालाय. तुम्ही घाबरून मागं घेताय का?"

"न्हाई. घाबरून न्हाई."

"मग कशासाठी?"

धोंडाबाईला खोटं बोलता येत नव्हतं अशातला भाग नाही. गिऱ्हाईकाला सकाळचं पिठलं ती आत्ताचं म्हणून बिनदिक्कत सांगते. पण ह्या प्रश्नाला जोडून दुसरं खोटं तिला सापडेना. पलीकडं माधवीताई थांबून राहिल्या. घाई केली नाही.

"मला त्याच्यासमुर बसाया भ्या वाटतंय," शेवटी ती म्हणाली.

"मग त्यांच्यासमोर बसू नका. वेगळ्या खोलीत बसा. तुमच्यापुढं टीव्हीचा पडदा असेल, तुम्ही बोलाल ते तिकडं ऐकू जाईल. मी शेजारी बसते."

एवढ्यावर धोंडाबाई तयार झाली, आणि वडगावच्या सरकारी इमारतीत वरच्या मजल्यावर सुनावणी झाली. समितीत पुण्याच्या एक वयस्कर डॉक्टरीणबाई अध्यक्ष, दुसरे एक डॉक्टर, आणि तिसरे हौशीराम नावाचे एस.टी.तून निवृत्त झालेले गृहस्थ. डॉक्टरांची चौकशी डॉक्टरांनीच करायची ही जुनी रीत मोडून एक बाहेरचा माणूस बसवायला लागले, त्यातले ते. धोंडाबाई पलीकडच्या खोलीत, समोर टीव्हीसारखा पडदा, शेजारी माधवीताई. कैलास खाली चहाच्या गाडीवर.

पडद्यावर सगळे एवढे एवढे दिसत होते. वकिलांनी पहिलाच मुद्दा तांदळाचा काढला आणि तो चांगला घोळून मांडला. डॉक्टर त्यांच्या शेजारी, अंगठ्याएवढे. धोंडाबाई त्यांचा चेहरा बघायला पुढं वाकली, आणखी वाकली. नाक कुठं, डोळे कुठं, काही लागेना.

"बाई," हौशीरामांनी विचारलं, "तांदूळ दिला होता का?"

"व्हय."

"का दिला?"

ती उत्तर सोडून पुन्हा पडद्यात डॉक्टरांचे डोळे शोधायला लागली. भ्यायचं ज्याला, तो नीट दिसत नसला की भीती वाढते, हे तिला तेव्हा कळलं. दवाखान्यातल्या बंद दारासारखंच झालं हे. "ताई," ती माधवीताईंना म्हणाली, "मला तितं न्या. हितं मला जास्त भ्या वाटतंय."

"नक्की?"

"न्या तुमी."

ती त्या खोलीत गेली तेव्हा माधवीताईंनी तिचा दंड धरला होता. खुर्चीवर बसली. डॉक्टर समोर, हातभर अंतरावर. डोळे सुजलेले, दाढी नीट केलेली नाही. तिनं त्यांच्याकडंच बघत उत्तर दिलं.

"भ्याले म्हनून दिला. सून तुमच्याकडं हाय. बाळ आडवं हाय. माजं नाव तुमच्या टेबलावर हाय. तांदूळ न्हाई नेला तर तुमी काय कराल, ह्ये मला ठावं न्हवतं."

वकील काही बोलणार होते, डॉक्टरांनी हात वर केला.

"मी तुमच्या सुनेला काही करेन, असं वाटलं तुम्हाला?"

"व्हय."

डॉक्टरांचा चेहरा पडला. "मग इतकी वर्षं तांदूळ आणत होतात तो पण...?"

"न्हाई वो," धोंडाबाई म्हणाली, आणि तिला रडू आलं. "त्यो मनापास्नं. ह्या सालचाच तेवढा भ्याचा."

डॉक्टरांनी मान खाली घातली.

"आता पायाचं सांगा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "सावकाश."

तिनं सांगितलं. ठणका, सूज, निळी बोटं, फोन. रडत, नाक पुसत, मागचं पुढं करत सांगितलं, पण सांगितलं सगळं. मग अध्यक्षबाई डॉक्टरांकडं वळल्या. "बोटं काळी पडल्याचं त्यांनी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं?"

वकिलांनी कोपरानं ढोसलं. डॉक्टर म्हणाले, "सांगितलं होतं. मला वाटलं, बाई घाबरलीय."

निकाल त्या दिवशी लागला नाही. महिन्याभरात कळवू म्हणाले. डॉक्टरांना ताकीद मिळेल, काही महिने काम बंद ठेवावं लागेल, की आणखी काही, माधवीताईंनाही सांगता येईना. धोंडाबाई जिना उतरायला लागली तर कठड्याशी राजेश्वरी मॅडम उभ्या होत्या. त्या नवऱ्याबरोबर आल्या होत्या, पण आत आल्या नव्हत्या. बाहेर त्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

धोंडाबाई जागच्या जागी थबकली.

"पिंकीला माझ्याकडं आणू नका," मॅडम म्हणाल्या.

"रागावून म्हनताय?"

"राग आहे. खोटं कशाला बोलू? पण त्याहून भीती आहे. बाळंतपणात माझी काही चूक नसतानाही कमीजास्त होऊ शकतं. झालं, तर तुम्ही काय समजाल? ते डोक्यात ठेवून मी तिचं पोट उघडू शकणार नाही. हात कापेल माझा." त्यांनी कठडा धरला. "तळेगावला माझी मैत्रीण आहे, माझ्याइतकीच चांगली. मी आत्ताच फोनवर तिच्याशी बोललेय. उद्याच न्या, उशीर करू नका. बाळ अजून आडवंच असणार."

म्हणजे बाळ आडवं असल्याचं खरंच होतं. धोंडाबाईनं मॅडमचे हात धरायला हात पुढं केले, आणि अर्ध्यातच मागं घेतले. मॅडम वळून वर गेल्या.

घरी पोचेस्तोवर ऊन उतरलं होतं. कैलासचा राग पुरता गेला नव्हता, पण जीपमधून उतरताना त्यानं आईचा हात धरून तिला खाली घेतलं. मारुती पडवीत बसला होता.

"बोटाचं सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"सांगितलं. त्यानं कबूल केलं."

मारुतीनं तोंड टॉवेलात खुपसलं. पाय गेला तेव्हा तो रडला नव्हता, आता त्याचे खांदे गदगदायला लागले. कैलास त्याच्याजवळ जाऊन बसला. धोंडाबाई आत गेली, कारण खरं अवघड पुढंच होतं.

पिंकी भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती. धोंडाबाईनं तिला पहिल्यापासून सगळं सांगितलं: तक्रार, नोटीस, तांदूळ कशासाठी नेला ते, आणि शेवटी मॅडमचं. पिंकीच्या चेहऱ्यावरचा रंगच गेला.

"मॅडम मला न्हाई बगनार?"

"न्हाई."

"तुमच्या तक्रारीपायी?"

"व्हय. माज्याच."

पिंकी दोन्ही हात पोटावर धरून हमसून हमसून रडली. धोंडाबाईला वाटलं, आता ही आपलं तोंड बघणार नाही, आणि तसं तिनं केलं तरी आपल्याला बोलायला जागा नाही. ती उठून जाणार, तोच पिंकीनं तिचा पदर धरला.

"आत्याबाई, मला लय भ्या वाटतंय."

घरातल्या सुनांना सासवा अशा वेळी जे म्हणतात ते धोंडाबाईच्या अगदी ओठावर आलं होतं. काय न्हाई हुत, उगं भितीस. तिनं ते गिळलं. पिंकीच्या शेजारी भिंतीला पाठ लावून बसली, तिच्या पोटावर हात ठेवला.

"मलाबी वाटतंय," ती म्हणाली. "तुला कशाकशाचं वाटतंय ते सांग. कायबी सोडू नगंस."

आणि पिंकी सांगायला लागली.